पंखा फिरतो, पण वारा लागत नाही

घरातील वीज : वाचकांचे प्रश्न

फाल्गुन सरून ऊन चढू लागले की या सदराच्या टपालात पंख्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी इतरांनाही उपयोगी पडतील अशी काही निवडली आहेत. बहुतेक पत्रलेखकांचा कल जुना पंखा काढून नवा आणण्याकडे आहे. पत्रे बारकाईने वाचली तर मात्र दोष पंख्यात कमी आणि त्याच्या आकारात, उंचीत, जोडणीत किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत अधिक असल्याचे दिसते.

एक सूचना आधीच करून ठेवतो. पुढे जेथे जेथे पंख्याला हात लावण्याचे काम सांगितले आहे, तेथे केवळ खोलीतील बटण बंद करून भागणार नाही. त्या भागाची एमसीबी (वीज तोडणारी छोटी खटकी) किंवा घराचा मेन स्विच बंद करावा. जुन्या घरांत बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या, तारेवर बसवलेले सर्रास आढळते, आणि अशा वेळी बटण बंद असूनही पंख्यापर्यंत वीज पोहोचलेलीच असते.

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात नवा फ्लॅट घेतला आहे. हॉल १८ फूट बाय १२ फूट, दोन्ही बेडरूम साधारण ११ बाय १० आणि स्वयंपाकघर ९ बाय ८ आहे. एक दुकानदार फेऱ्यांचा वेग सांगतो, दुसरा चार पात्यांचा पंखा दाखवतो, तिसरा तारे मोजायला सांगतो. नेमके काय पाहून पंखा घ्यावा?

उत्तर : फेऱ्यांच्या वेगावरून पंख्याची पारख होत नाही. पाती अरुंद आणि चपटी ठेवली की मोटर मिनिटाला चारशे फेरे सहज मारते, आवाज भरपूर होतो आणि खाली बसलेल्या माणसाला वारा बेताचाच लागतो. आपण खोक्यावर दोन आकडे शोधावेत : पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो आणि त्यासाठी किती वॉट वीज घेतो. ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरच्या चांगल्या पंख्याच्या बाबतीत पहिला आकडा साधारण २१० ते २३५ असतो. तो २०० च्या खाली असेल, तर पंखा कितीही देखणा असला तरी बेडरूमसाठी घेऊ नये.

ताऱ्यांविषयी गैरसमज फार आहे. छताच्या पंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. हवेच्या आकड्याला वॉटच्या आकड्याने भागले की जे उत्तर येते, त्यावर हे तारे ठरतात. लेबल सक्तीचे झाले तेव्हाच्या कोष्टकानुसार १२०० मिलिमीटर व त्याहून मोठ्या पंख्याचे हे उत्तर ४ आले तर एक तारा आणि ६ किंवा अधिक आले तर पाच तारे मिळतात. म्हणजे तारे वाऱ्याचा जोर सांगत नाहीत, एका वॉटमागे किती वारा मिळाला हे सांगतात. पाच ताऱ्यांचे दोन पंखे शेजारी ठेवले, तरी त्यांतील एक २१० आणि दुसरा २३० घनमीटर हवा देणारा असू शकतो. तारे पाहावेतच, पण हवेचा आकडा वेगळा पाहावा.

आकाराचे म्हणाल, तर आपल्या दोन्ही बेडरूमना ४८ इंची पंखा योग्य आहे. हॉलसाठी एक ५६ इंची पंखा मध्यभागी लावण्याचा मोह होतो, परंतु १८ फूट लांबीच्या खोलीत त्याचा वारा दोन्ही टोकांना पोहोचत नाही, आणि सोफा नेमका एका टोकाला असतो. हॉलचे ९ बाय १२ असे दोन भाग कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर एकेक ४८ इंची पंखा लावावा. घरात एकच माणूस असेल तेव्हा एकच पंखा लावता येतो, हा फायदा वेगळाच. पात्याचे टोक भिंतीपासून वा कपाटापासून किमान दीड फूट दूर राहील असे पाहावे, अन्यथा हवा तेथल्या तेथे घुटमळते. माळा काढलेल्या खोलीत हे मोजमाप हटकून विसरले जाते.

चार पात्यांचा पंखा तुलनेने संथ फिरतो आणि आवाज कमी करतो, पण पाते वाढले म्हणून वारा वाढत नाही. मोटर तितक्या ताकदीची नसेल तर उलट तो कमी होतो. स्वयंपाकघरात छताचा पंखा लावूच नये, असे माझे मत आहे. शेगडीची ज्योत फडफडते, गॅस वाया जातो आणि फोडणीचे तेल पात्यांवर बसून त्यावर धूळ चिकटते. तेथे खिडकीच्या वरच्या भागात एक्झॉस्ट फॅन आणि ओट्यापासून दूर भिंतीवरचा छोटा पंखा ही जोडी अधिक सोयीची पडते. शेवटची गोष्ट, खरेदी करताना पंख्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याजवळ आयएस ३७४ हा क्रमांक छापलेला असल्याची खात्री करून घ्यावी. छताच्या पंख्यांसाठीचे भारतीय मानक तेच आहे.

प्रश्न : बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरीचा) पंखा साध्या पंख्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला मिळतो. त्याने खरोखर बिल कमी होते का? तो बिघडला तर कराडमध्ये दुरुस्त होईल का, आणि आमचे भिंतीवरचे रेग्युलेटर त्याला चालतील का?

उत्तर : हिशेब करताना तुलना कशाशी करायची, हे आधी ठरवावे लागते, कारण जाहिरातीत ती नेहमी जुन्या पंख्याशी केलेली असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा ४८ इंची पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट घेतो. रोज बारा तास पंखा चालला, तर ४५ वॉटच्या फरकाने महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात आणि वर्षातील नऊ महिने धरले तर जवळजवळ १४५ युनिट. मात्र आपण दुकानात जाऊन आज एका ताऱ्याचा साधा पंखा घेतलात, तर तो ७५ वॉटचा नसतो. लेबलच्या अटीमुळे तो ५० ते ५२ वॉटपर्यंत उतरलेला असतो. त्याच्याशी तुलना केली तर फरक २२ वॉटचा राहतो आणि नऊ महिन्यांत साधारण ७० युनिट वाचतात. युनिटमागे सर्व आकार धरून दहा रुपये पकडले, तर पहिल्या बाबतीत वर्षाला सुमारे साडेचौदाशे रुपये आणि दुसऱ्या बाबतीत सुमारे सातशे रुपये. म्हणजे चालू स्थितीतला जुना ७५ वॉटचा पंखा काढून टाकण्यात खरा फायदा आहे. दोन नव्या पंख्यांतून निवड करायची असेल, तर जादा किंमत वसूल व्हायला दोन उन्हाळे द्यावे लागतील.

येथे आणखी एक मुद्दा आहे. महावितरणची घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढील युनिटांना बराच चढा दर. आपण वाचवलेली युनिटे बिलाच्या वरच्या टोकाची असतात, त्यामुळे बचत चढ्या दराने होते. महिन्याला नव्वद युनिटांत भागणाऱ्या घराला हा लाभ तेवढा मिळणार नाही. दिवसातून दोन तास चालणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीतील पंख्यासाठी तर जादा पैसे घालण्यात अर्थच नाही.

रेग्युलेटरविषयी उत्तर सरळ आहे : चालणार नाहीत. बीएलडीसी पंख्यात वेग ठरवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट मोटरीजवळच बसवलेले असते आणि त्याला रेग्युलेटरमधून न गेलेली, सरळ वीज लागते. मध्ये रेग्युलेटर राहिला तर पंखा अडखळतो आणि पुढे ते सर्किट जळते. इलेक्ट्रिशियनकडून रेग्युलेटर काढून टाकून तार सरळ जोडून घ्यावी. रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवला की झाले, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. घरात वडीलधारी माणसे असतील आणि रिमोट हरवण्याची भीती असेल, तर भिंतीवरच्या बटणाची उघडझाप करून वेग बदलता येणारे प्रकारही मिळतात.

दुरुस्तीबाबत मात्र साधा पंखा सरस आहे. त्याचा कंडेन्सर, बेअरिंग, वाइंडिंग हे सर्व कोणत्याही तालुक्याच्या गावी होते. बीएलडीसीचे सर्किट गेले तर ते कंपनीकडूनच बदलून घ्यावे लागते, म्हणून घेतानाच सर्किटची वॉरंटी किती वर्षांची आहे आणि आपल्या गावी सेवा मिळते का, हे लेखी पाहावे.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी मात्र बिलाचा हिशेब बाजूला ठेवून बीएलडीसीचा विचार करावा. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून सर्व तूट वजा जाता हजार वॉट-तास हाती लागले, असे धरले तर ७५ वॉटचे तीन पंखे साडेचार तासांच्या आत थांबतात आणि ३० वॉटचे तीन पंखे अकरा तास फिरतात. मे महिन्यातील रात्री वीज गेली की या फरकाची किंमत रुपयांत मोजावी लागत नाही.

प्रश्न : साताऱ्यात आमचा जुना वाडा आहे. माजघराची उंची १३ फूट असून वर सागवानी तुळया आणि तक्तपोशी आहे. पंखा तुळईला हूक मारून अगदी वर टांगलेला आहे. फुल्ल स्पीडला लावूनही खाली वारा लागत नाही. मोठा पंखा आणावा का?

उत्तर : आणू नये. आपला पंखा पुरेसा आहे, तो फक्त चुकीच्या जागी आहे. छताच्या पंख्याला वरून हवा ओढायला मोकळी जागा लागते. पाती आणि छत यांमध्ये किमान एक फूट अंतर हवे. त्याहून जवळ असलेला पंखा स्वतःभोवतीचीच हवा घुसळत राहतो. दुसरे असे की तेरा फुटांवरून निघालेला वारा खाली येईपर्यंत पसरून विरतो.

पाती जमिनीपासून किती उंचीवर असावीत याचे एक सोपे सूत्र भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेले आहे. खोलीची उंची तिपटीने घ्यावी, तिच्यात आपण बसतो-झोपतो त्या पातळीची उंची मिळवावी आणि बेरजेला चाराने भागावे. आपल्या माजघरात पलंगाची किंवा खुर्चीची पातळी अडीच फूट धरली, तर ३९ अधिक २.५, भागिले ४, म्हणजे सुमारे साडेदहा फूट. फ्लॅटमधील दहा फुटी खोलीसाठी हेच गणित आठ फुटांच्या थोडे वर येते, म्हणूनच बाजारात मिळणारी नेहमीची आखूड दांडी तेथे पुरते. आपल्याला पाती तक्तपोशीपासून अडीच फूट खाली आणायची आहेत. यातून तुळईची जाडी आणि मोटरीची उंची वजा करून दांडीची लांबी काढावी. वाड्यातील तुळई आठ-दहा इंच खाली आलेली असते, ती मोजायची राहिली तर पंखा डोक्यावर येईल. कोठल्याही परिस्थितीत पाती आठ फुटांच्या खाली येता कामा नयेत, कारण वाड्यात लग्नकार्याच्या वेळी कोणीतरी मुलाला खांद्यावर घेतोच.

दांडी एकसंध घ्यावी. दोन तुकडे वेल्डिंग करून लांब केलेली दांडी काही वर्षांनी जोडापाशीच तुटते. लांब दांडीला पंखा थोडा अधिक झुलतो, ते चिंतेचे कारण नाही. पण शॅकलमधील (दांडी हुकाला अडकवणाऱ्या कड्यातील) रबर झिजले असेल तर या निमित्ताने बदलावे, त्यातून जाणारा बोल्ट नवा घ्यावा आणि त्याच्या टोकाची स्प्लिट पिन दोन्ही बाजूंना नीट उघडलेली आहे हे स्वतः स्टुलावर चढून पाहावे. पंखे पडण्याचे प्रकार बहुधा याच पिनेपाशी सुरू होतात. पिनेऐवजी तारेचा तुकडा पिळून घातलेला दिसला, तर त्या दिवसापासून पंखा बंद ठेवावा.

तुळईत पिळून बसवलेल्या हुकाबद्दल मी साशंक आहे. सागवान टिकाऊ असले तरी जुन्या लाकडाचे तंतू सततच्या थरथरीने हुकाभोवती सैल होतात. तुळईला चारी बाजूंनी कवेत घेणारी लोखंडी पट्टी सुताराकडून मापाने करून घ्यावी आणि आरपार बोल्टने आवळून त्या पट्टीच्या कडीला पंखा टांगावा. त्याआधी स्क्रू ड्रायव्हरचे टोक तुळईत, विशेषतः ती भिंतीत शिरते तेथे, जोराने टोचून पाहावे. साताऱ्याच्या पावसात भिंतीतील टोक ओल धरते आणि वाळवी तेथूनच आत शिरते. टोक सहज रुतले तर आधी लाकडाचे काम करून घ्यावे.

वाड्यातील वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचे असेल, तर त्यात अर्थिंगची तिसरी तार बहुधा नसते. पंख्याचे कवच धातूचे आहे, त्यामुळे ही तार नव्याने ओढून घेणे टाळू नये.

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. संध्याकाळी सातनंतर आमचे पंखे रेंगाळतात. दोनदा कंडेन्सर बदलला, तरी फरक नाही. इलेक्ट्रिशियन आता वाइंडिंग करायला सांगतो.

उत्तर : आपल्या पत्रातील दोन शब्दांत निदान आहे : 'संध्याकाळी' आणि 'पंखे'. घरातील सर्व पंख्यांचे कंडेन्सर एकाच वेळी जात नाहीत आणि सकाळी बरे होत नाहीत. आपल्याकडे विजेचा दाब उतरत आहे. पूर्वी दाब उतरला की पिवळा बल्ब मंद होऊन सांगत असे. आताचे एलईडी दिवे १८० व्होल्टलाही जवळजवळ तितकाच उजेड देतात, त्यामुळे दोष पंख्यावर येतो. साध्या पंख्याच्या मोटरीचे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टऐवजी १८० मिळाले तर बळ साठ टक्क्यांवर येते.

इलेक्ट्रिशियनला रात्री आठ वाजता बोलावून मल्टिमीटरने प्लगमधील दाब मोजायला सांगावे. तो मीटरपाशी ठीक आणि खोलीत कमी असेल, तर घरातील वायर बारीक आहे किंवा कोठेतरी जोड सैल आहे. तो जोड तापतही असतो, म्हणून शोधून काढलाच पाहिजे. मीटरपाशीच कमी असेल, तर शेजाऱ्यांनाही तोच त्रास असणार. सर्वांनी मिळून महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. बीएलडीसी पंखे कमी दाबावरही वेग टिकवतात, हा त्यांचा फारसा न सांगितला जाणारा गुण आपल्यासारख्यांच्या कामाचा आहे. वाइंडिंगचा खर्च तूर्त करू नये.

इतर वाचकांसाठी कंडेन्सरची खूणही सांगतो. एकच पंखा दिवसभर मंद असेल, किंवा बटण लावल्यावर नुसता गुणगुणत उभा राहून काठीने ढकलल्यावर फिरू लागत असेल, तर कंडेन्सर उतरला आहे. ४८ इंची पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. जुन्यावर छापलेला आकडाच नव्यावर असावा. जास्त मायक्रोफॅरडचा घालून वेग वाढवून देणारे कारागीर आहेत. त्यात मोटर तापते आणि वाइंडिंग जळते. याउलट, सुरुवातीला ठीक चालून तासाभराने मंद होणारा आणि हात लावता येणार नाही इतका तापणारा पंखा वाइंडिंगचा किंवा बेअरिंगचा रोगी असतो. वीज बंद करून पाती हाताने फिरवावीत. ती घरघर न करता बरेच फेरे मारून सावकाश थांबली, तर बेअरिंग चांगले आहे.

प्रश्न : वाईला घराला रंग दिला. रंगाऱ्यांनी पंखे उतरवून पुन्हा बसवले. तेव्हापासून दोन खोल्यांतील पंखे गदागदा हलतात आणि टकटक आवाज करतात.

उत्तर : दोन खोल्यांतील पंख्यांची पाती एकमेकांत मिसळली असणार. एका पंख्याची तिन्ही पाती कारखान्यात वजनाने जुळवून दिलेली असतात, आणि दिसायला सारखी असली तरी दोन संचांतील पात्यांत काही ग्रॅमचा फरक असतो. बऱ्याच पात्यांच्या मागे शिक्का किंवा क्रमांक असतो. त्यावरून संच वेगळे करावेत.

तेवढ्याने भागले नाही तर पात्यांची पातळी तपासावी. एक लांब काठी छताला टेकवून उभी धरावी, एका पात्याचे टोक जेथे येते तेथे खडूने खूण करावी आणि काठी न हलवता उरलेली दोन पाती हाताने फिरवून त्या खुणेपाशी आणावीत. एखादे पाते अर्धा इंचही वरखाली असेल, तर त्याची मोटरीजवळची पट्टी वाकलेली आहे. रंगारी पंखा जमिनीवर पाती टेकवून ठेवतात तेव्हा ती वाकते. पट्टी दोन्ही हातांनी हलकेच सरळ करावी. पाते मध्यात धरून वाकवू नये, त्याचा पीळ बिघडला की वारा कायमचा घटतो.

टकटक आवाज पात्यांच्या सैल स्क्रूचा, किंवा दांडीवरचा कप निसटून मोटरीवर बसल्याचा असतो. कप वर सरकवून त्याचा बारीक स्क्रू आवळावा. पात्यांच्या स्क्रूखाली मूळचे वॉशर परत घातले आहेत का, तेही पाहावे. रंगकामानंतर ते हमखास खिडकीच्या कट्ट्यावर सापडतात.

प्रश्न : मिरजेत पंख्याचे वाइंडिंग करून आणले. पंखा जोरात फिरतो, पण वारा अजिबात नाही.

उत्तर : तो उलटा फिरत आहे. पात्याची वर उचललेली कड पुढे असली पाहिजे. आपल्याकडे खालची कड पुढे असणार, त्यामुळे हवा छताकडे जाते. कंडेन्सरची तार चुकीच्या टोकाला जोडली गेली आहे. ज्यांनी वाइंडिंग केले त्यांच्याकडेच परत न्यावा. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याचे पैसे देऊ नयेत.

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या महापुरात तळमजल्याचे पंखे पाण्यात बुडाले होते. तेव्हा सुकवून लावलेले दोन पंखे आता आवाज करतात आणि पुसताना एकदा झटका बसला. शिवाय पुन्हा पूर आला तर काय करावे?

उत्तर : झटका बसलेला पंखा आजच बंद करावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. तळमजल्यांच्या छतापर्यंत गेलेले ते पाणी स्वच्छ नव्हते, गाळाचे होते. वरवर सुकलेल्या मोटरीत तो गाळ वाइंडिंगच्या फटींत राहतो, पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो आणि तेथून वीज कवचात उतरते. बेअरिंगमधील ग्रीस धुऊन गेल्याने आवाज येतो.

पंखा उघडून साफ करून, वाइंडिंग पूर्ण सुकवून त्यावर वॉर्निश द्यावे लागते, बेअरिंग आणि कंडेन्सर नवे घालावे लागतात आणि शेवटी मेगरने (इन्शुलेशन तपासण्याच्या मीटरने) वाइंडिंग व कवच यांमधील रोध मोजावा लागतो. तो दोन मेगाओहमपेक्षा कमी आला तर पंखा भंगारात द्यावा. एवढा खर्च करण्याऐवजी नवा घेणे बहुतेक वेळा परवडते, आणि तेथे माझे मत नव्याच्याच बाजूने आहे. बुडालेला बीएलडीसी पंखा मात्र सुकवून लावण्याचा प्रयत्नही करू नये. त्याच्या सर्किटवरील गाळ पूर्णपणे निघत नाही.

पुढच्या वेळी पाणी चढत असल्याची सूचना मिळाली आणि हाताशी वेळ असला, तर मेन स्विच बंद करून पंखे उतरवून वरच्या मजल्यावर ठेवावेत. त्यासाठी छतापाशी तारा कायमच्या पिळून टेप मारण्याऐवजी स्क्रूचा कनेक्टर बसवून ठेवावा; पंखा थोड्याच वेळात सुटतो. पूर ओसरल्यावर मेन स्विच लावण्यापूर्वी भिंतीतील वायरिंगचीही मेगरने तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : विट्याजवळ आमची पत्र्याची खोली आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पंखा लावला की झळा अंगावर येतात. मोठ्या कंपनीचा पंखा घेतला तर गार वारा मिळेल का?

उत्तर : कोणताही पंखा हवा गार करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो आणि त्यामुळे आपल्याला गारवा वाटतो. रिकाम्या खोलीत लावलेला पंखा खोलीला रतिभरही थंड करत नाही, म्हणून बाहेर जाताना तो बंद करावा. आपल्या खोलीत पत्रा तापून त्याच्याखाली गरम हवेचा थर साचतो आणि छताचा पंखा नेमका तोच थर खाली आणतो. त्या थराला बाहेर काढणारी वाट करावी : समोरासमोरच्या भिंतींत पत्र्याला लागून झरोके, आणि एका झरोक्यात एक्झॉस्ट फॅन. पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग दिला किंवा आतून एक फूट अंतर सोडून सिलिंग केले तर फरक त्याच दिवशी कळतो. पत्र्यावर उसाचे पाचट पसरण्याची पद्धत आहे आणि ती गुणकारीही आहे, पण विजेची तार त्या पाचटातून किंवा त्याला लागून जाता कामा नये.

छत आठ-नऊ फुटांचेच असेल, तर छताचा पंखा काढून भिंतीवरचा पंखा घ्यावा. तो गरम थराच्या खालची हवा फिरवतो आणि रात्री खिडकीजवळ लावला तर बाहेरचा गारवा आत ओढतो.

छताचा पंखा ठेवायचाच असेल, तर तो लोखंडी अँगलला टांगलेला असणार. अशा खोलीत मोटरीचे इन्शुलेशन गेले तर अँगल, पत्रा आणि त्याला बांधलेली कपडे वाळवण्याची तारसुद्धा विजेने भारली जाते, आणि ओले कपडे टाकणाऱ्याला आधी काहीच कळत नाही. त्यामुळे पंख्याला अर्थिंगची तार आणि मीटरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी खटकी), या दोन्ही गोष्टी पंख्याच्या आधी घ्याव्यात. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे आणि वीज जाते की नाही ते पाहावे. वीज गेली नाही, तर आरसीसीबी त्याच आठवड्यात बदलावी.